वजनवाली उज्ज्वला

"आधी ती सलाईन बंद करा!"

उज्ज्वला दवाखान्याच्या पायरीवरूनच ओरडली. चपला काढायचंही तिला सुचलं नाही. आत लोखंडी खाटेवर सिंधू पडली होती. हाक मारली तर ओ देत नव्हती. डोळे उघडे होते, पण बुबुळं एका जागी ठरत नव्हती, आडवी थरथरत होती. हाताला ग्लुकोजची बाटली नुकतीच लावली होती. कपाळावर कुंकवाचा थर एवढा, की घामाबरोबर तो नाकावर उतरला होता. देवी अंगात आली असं समजून गावानं तीन दिवस सिंधूला कुंकू लावलं, तिची ओटी भरली, सगळे तिच्या पाया पडले. मीही पडले होते.

"तुम्ही कोण?" डॉक्टर म्हणाला. तरुण होता. खेड्यात एकटा दवाखाना चालवत होता.

"हिचं पोट लहान करायचं ऑपरेशन झालंय. सहा वर्षं मी हिच्या मागं हाय. महिनाभर उलट्या, वरून सात दिवस निव्वळ पाणी. हिच्या अंगात बी-वन व्हिटॅमिन उरलेलं न्हाई. नुसती साखर सोडली तर मेंदूला धक्का बसंल. आधी हे द्या."

तिनं पिशवीतून इंजेक्शनं काढून टेबलावर ठेवली.

"सिस्टर, नवरात्रात अशा वीस बाया येतात. उपवासाची चक्कर असते. सलाईन लागलं की उठून बसतात."

"ही न्हाई बसायची."

बोलता बोलता तिनं नळीचं चाक फिरवून सलाईन बंद केली आणि फोन डॉक्टरच्या हातात दिला. "आमच्या दवाखान्याचे मोठे सर हायत. बोला."

डॉक्टरनं फोन कानाला लावला. दोनदा "हो सर" म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा त्याचा हात टेबलावरच्या इंजेक्शनाकडं गेला होता.

सिंधूचं पुढं काय झालं ते सांगते. पण आधी उज्ज्वला कोण ते सांगायला हवं, नाहीतर ती तिथं वेळेवर कशी पोचली ते कळायचं नाही.

मी परभणीजवळच्या झरीची. चौथी शिकले. बांगड्या भरायचा आमचा धंदा. चाळीस वर्षं पेटी घेऊन बाजार आणि गावं केली. उज्ज्वला माझ्याहून वीस वर्षांनी लहान, म्हणून तिला मी अगं-तुगं करते. ती मला मावशी म्हणायची. शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यानं पूर्वी आमच्या जिल्ह्यातल्या काही लठ्ठ माणसांची पोटं ऑपरेशन करून लहान केली होती. त्या माणसांचं पुढं दहा वर्षांत काय होतं, वजन परत वाढतं का, साखर परत येते का, हाडं ठिसूळ होतात का, रक्त कमी होतं का, ते लिहून ठेवायचं काम उज्ज्वलाकडं होतं. ती परभणीत राहायची आणि एसटीनं फिरायची. प्रत्येकाच्या घरी वर्षातून दोनदा.

पहिल्यांदा ती मला पालमच्या गाडीत भेटली. मांडीवर रक्ताच्या बाटल्यांचा बर्फाचा डबा, आणि बगलेत उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला वजनकाटा. स्वतः अंगानं चांगली भरलेली. दोघींच्या बाकावर आम्ही दोघी बसलो तर माझी पेटी खाली ठेवावी लागली.

"काय हाय त्यात?" मी विचारलं.

"काटा."

"काय विकती?"

"विकत न्हाई. माणसं मोजते."

मग तिनं कामाचं सगळं सांगितलं. पालममधली एक बाई दोन वर्षांपासून सापडत नव्हती. फोन लागत नव्हता, घर बदललं होतं. नाव सांगितलं तर मला आठवेना. मला नावं राहत नाहीत, हात राहतात.

"दिसायला कशी?"

"उंच. डाव्या हाताचं करंगळीचं बोट वाकडं."

"ती व्हय! आधी पावणेतीनची बांगडी लागायची. मधी सव्वादोनवर आली. मी म्हटलं, बाई आजारी हाय का काय. आता परत अडीच लागती. स्टँडाच्या मागं राहती, पिठाच्या गिरणीपाशी."

उज्ज्वला माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं वही काढली आणि मी बोलले ते तिन्ही आकडे लिहून घेतले, कोणत्या सणाला कोणती बांगडी भरली ते विचारून विचारून. माझं बोलणं कुणी लिहून घ्यायची ती पहिलीच वेळ.

त्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. पालमची ती बाई दार अर्धंच उघडून उभी राहिली. "मी घरी न्हाई म्हणून सांगा," असं तीच म्हणाली. उज्ज्वला तशीच आत शिरली. काटा फरशीवर ठेवला आणि आधी स्वतः त्यावर चढली. ही तिची सवयच होती. प्रत्येक घरात आधी स्वतःचं वजन करायची आणि मोठ्यानं वाचायची. काटा नीट आहे की नाही ते त्यावरून तिला कळायचं, आणि घरातल्या बायकांना हसायला यायचं.

"ब्याऐंशी," ती म्हणाली. "आता तुमी."

"तुमीच का न्हाई करून घेत ऑपरेशन?" ती बाई म्हणाली.

"मग तुमच्या मागं कोण फिरंल? आन् मला रोज गोळ्या गिळायचा कंटाळा."

बाई हसली आणि लगेच रडायला लागली. एवढं करून वजन परत वाढलं, नवरा बोलतो, डॉक्टरांना तोंड कसं दाखवू, असं तिचं चाललं होतं. उज्ज्वलानं तिच्या पाठीवरून हात वगैरे काही फिरवला नाही. तसलं तिला जमायचंच नाही. म्हणाली, "तुमी गुन्हा केला न्हाई. काही जणांचं वाढतंच. किती जणांचं आन् कामून वाढतं तेच तर सरांना कळंना झालंय. तुमी लपून बसल्यावर त्यांना कसं कळणार? चढा वर."

बाई चढली. त्यानंतर ती कधी लपली नाही.

उज्ज्वला कुणाला "गोळ्या घेता का" असं विचारायची नाही. म्हणायची, विचारलं की आपल्याकडं सगळेच हो म्हणतात. पाहुण्याला नाही कशाला म्हणायचं, म्हणून. ती म्हणायची, "रिकामी पाकिटं दाखवा." यातही ती एकदा फसली, आणि फसली हे तिनं स्वतःच मला सांगितलं. चारठाण्याला एक शेतकरी बापू होते. पाकिटं मागितली की ढीग आणून समोर ओतायचे. सगळी रिकामी, एकही गोळी उरलेली नाही. उज्ज्वला खूश. पण रक्त तपासलं की दर वेळी कमीच. एका बाजाराच्या दिवशी मी तिच्याबरोबर त्यांच्या घरी होते. चहा आला, घट्ट दुधाचा. उज्ज्वलानं बापूंच्या बायकोला सहज विचारलं, "म्हैस चांगलीच लागलेली दिसती."

"लागंल न्हाई तर! गोळ्या चालू केल्यापासून शेरभर वाढलं दूध."

"कोणत्या गोळ्या?"

बापू उठून बाहेर निघाले. उज्ज्वला म्हणाली, "बापू, बसा."

बापू बसले. म्हणाले, "आता मला काय होतंय, सिस्टर? मी ठणठणीत हाय. तिला दिल्या तर निदान वाया तरी जात न्हाईत."

उज्ज्वलानं वही उघडली आणि लिहिलं: गोळ्या म्हशीने घेतल्या. मी बाजूला बसून वाचलं. गल्लीच्या टोकापर्यंत ती गंभीर चेहऱ्यानं चालली. टोकाला गेल्यावर काटा भिंतीला टेकवला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. तिला एवढं हसताना मी तेवढ्या एकाच वेळी पाहिलं. त्यानंतर बापूंची सून समोर उभी राहून त्यांना गोळी गिळायला लावायची, आणि पुढच्या वर्षी बापूंची नखं लाल दिसली.

तिच्यात दोष नव्हते असं नाही. जिभेवर गोडवा नव्हता. कुणाच्या घरी बारसं असो की तेरावं, ती रक्त काढायला हजर. चहा अर्धा ठेवून उठायची. पण तिच्या वहीत खोटं कधी गेलं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते.

एकदा परभणीत ऑपरेशन झालेल्या सगळ्यांना बोलावलं होतं. शहरातले मोठे सर आले होते. उज्ज्वलानं मलाही मागच्या खुर्चीवर बसवलं. सरांनी भिंतीवर चित्रं दाखवली. वजन खाली आलेलं, साखर खाली आलेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. उज्ज्वला उभी राहिली.

"सर, ह्या चित्रात जी माणसं आज आली तीच हायत."

"म्हणजे?"

"जी बरी हायत ती येतात. ज्यांचं बिघडलं ती घरी बसतात, न्हाईतर घर बदलतात. त्यांच्या नावापुढं आपण 'संपर्क झाला नाही' लिहितो आन् पान उलटतो. मग चित्र चांगलंच दिसणार."

 मला वाटलं, हिची नोकरी गेली.

सर म्हणाले, "मग काय करायचं?"

"शोधायलेच की मी. पण कागदावर 'बंद' करू नका. मी सांगंपर्यंत कुणाचंच पान बंद करायचं न्हाई."

सर आधी तिला "अगं उज्ज्वला" म्हणायचे. त्या दिवसापासून "उज्ज्वलाताई, तुम्ही" म्हणायला लागले. मी माझ्या कानांनी ऐकलंय.

आता सिंधू. झरीच्या पलीकडं एक गाव आहे. नाव लिहीत नाही, तिथल्या बायका अजून आमच्याकडून बांगड्या भरतात. सिंधूचा नवरा मास्तर, सासू सोनाबाई. सिंधू अंगानं फार होती, साखर होती, दम लागायचा. ऑपरेशन झालं आणि तिची सगळी दुखणी गेली. शेतात जायची, पोरांना पळत पकडायची. उज्ज्वला म्हणायची, हे माझ्या वहीतलं सगळ्यात चांगलं पान.

सहाव्या वर्षी गणपतीपासून सिंधूला उलट्या लागल्या. खाल्लेलं ठरेना. तिनं गोळ्या सोडल्या, कारण गोळीनंही उलटी व्हायची. मास्तर दवाखान्यात चल म्हणाला, तर नवरात्र झाल्यावर बघू म्हणाली. घट बसले आणि तिनं नऊ दिवसांचा उपवास धरला. ऑपरेशन झाल्यापासून उज्ज्वला तो धरू देत नव्हती. पण ती त्या महिन्यात दुसऱ्या तालुक्यात फिरत होती, आणि सिंधूनं देवीला नवस बोलला होता.

चौथ्या दिवशी मी त्या गावात गेले. नवरात्रात माझी पेटी दिवसातून दोनदा भरावी लागते. सोनाबाईच्या अंगणात बायांची गर्दी होती. सिंधू देव्हाऱ्यापुढं उभी राहून झुलत होती. पाय फाकलेले, डोळे थरथरायलेले. मध्येच कुणाला तरी भलत्याच नावानं हाक मारायची. सोनाबाई म्हणाली, "आई आली अंगात. भर, हिरवा चुडा भर." मी तिचा हात धरला. गेल्या वर्षी सव्वादोन बसायची, त्या हातातून सव्वादोन घसरून पडली. माझ्याकडं त्याहून लहान होती, ती भरली. मग वाकून पाया पडले आणि पुढच्या घरी गेले.

उज्ज्वलानं मला बजावून ठेवलं होतं. कुणाचा हात एकदम बारीक झाला, कुणी झोकांड्या खायला लागलं, तर फोन करायचा. मला ते आठवलंही. पण देवीच्या बाबतीत कसं बोलायचं, असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर धंद्याचे दिवस होते, फुरसत नव्हती. सातव्या दिवशी मी परत त्या गावात गेले तेव्हा बाया अजून रांगेत होत्या आणि सिंधू भिंतीला टेकून बसली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "आई, दोन दोन कामून दिसायल्यात?" तिची आई जाऊन आठ वर्षं झाली होती. तेव्हा मी फोन केला.

उज्ज्वलानं एकच विचारलं. "डोळे कसे हायत?"

"बुबुळं नाचायलीत."

"कधीपासून?"

"चौथ्या माळेपासून."

 मग फोन बंद झाला. त्या दिवशी ती परभणीतच होती; औषधाच्या दुकानात गेली, तिथून जीप करून निघाली. तेवढ्यात इकडं सिंधू कोसळली आणि मास्तरानं तिला उचलून दवाखान्यात नेलं; मी उज्ज्वलाला फोनवर तसं कळवलं आणि मागोमाग गेले. दुपारचे बारा वाजले असतील. मी वर सांगितलं ते तेव्हाचं.

इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासानं दुसरं दिलं. मग सरांनी फोनवर सांगितलं तशी सलाईन परत चालू केली. गाडी बोलावून तिला परभणीला नेलं. उज्ज्वला गाडीत तिच्या डोक्याशी बसली आणि दर दहा मिनिटांनी तिच्या डोळ्यांपुढं बोट फिरवून बघत राहिली. मी पायाशी. झरी गेल्यावर ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "मावशी, तीन दिवस?"

मी सिंधूच्या पायांवरची चादर सारखी केली. 

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बुबुळं थांबली. सिंधूनं मास्तराला ओळखलं. पायांना मात्र वेळ लागला.

उज्ज्वलानं सगळं कागदावर लिहिलं. उलट्या, बंद केलेल्या गोळ्या, उपवास, आणि "देवी समजून तीन दिवस गेले. कासारीणबाईंनी पाहिले होते, कळवायला तीन दिवस लागले." शहरातल्या ऑफिसातून फोन आला की देवीचं वाक्य काढा, बरं दिसत नाही. ती म्हणाली, "न्हाई खोडणार. औषधाची कमी सगळीकडं सारखी असंल. पण ती ओळखायला आमच्याकडं उशीर कामून होतो, ते ह्याच ओळीत हाय." मला माझ्याबद्दल लिहिल्याचा राग आला होता. दोन दिवस राहिला, मग गेला. लिहिलेलं खरं होतं.

पुढच्या वर्षी घट बसायच्या आधी ती त्या गावच्या देवळात गेली. गुरवाच्या म्हातारीपुढं बसली.

"आजी, उपवासाला गोळी चालती का?"

"औषधाला कशाचा उपवास?"

"ऑपरेशन झालेल्या बाईनं उपवासच न्हाई धरला तर देवी कोपंल का?"

म्हातारी म्हणाली, "देवी काय सासू हाय का?"

"मग हे आरतीच्या वेळी मोठ्यानं सांगा. मी सांगून कुणी ऐकायलं न्हाई."

म्हातारीनं नऊही दिवस आरतीनंतर सांगितलं. सोनाबाई पुढच्या रांगेत बसून ऐकायची. त्या दवाखान्याच्या डॉक्टरनंही उज्ज्वलाकडून एक कागद लिहून घेतला आणि खुर्चीमागच्या भिंतीला चिकटवला: पोटाचे ऑपरेशन झाले आहे का, हे आधी विचारा. तोच कागद सरांनी नंतर छापून जिल्हाभर वाटला. खाली उज्ज्वलाचं नाव नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, "नाव कशाला? वाचलं तरी पुरे."

दहा वर्षं झाली आणि काम संपलं. उज्ज्वला आता मुलीकडं लातूरला असते. शेवटच्या फेरीला ती सिंधूच्या घरी गेली तेव्हा मी तिथंच होते. सिंधू भिंतीला हात लावत दारापर्यंत आली.

"तुमी पहिल्यांदाच आलात का?" सिंधूनं विचारलं. सकाळचं बोललेलं तिच्या दुपारी लक्षात राहत नाही.

"न्हाई. विसाव्यांदा."

"अगं बाई. आन् मी पाणी पण विचारलं न्हाई."

उज्ज्वला पाणी प्यायली. रक्त घेतलं, तळपायाला टाचणी लावून कळतं का ते पाहिलं. या वेळी चहाही पुरता घेतला. मग आम्ही रस्त्यावर आलो. परभणीची गाडी उभीच होती. ती खिडकीपाशी बसली आणि मांडीवर सिंधूचा कागद उघडला. इंजिन चालू झालं तशी म्हणाली, "ड्रायव्हर दादा, एक मिनिट. गाडी हलली की अक्षर हलतं." ड्रायव्हर थांबला. तिनं सावकाश शेवटची ओळ लिहिली, कागद घडी केला आणि माझ्याकडं बघून मान हलवली. गाडी निघाली. त्यानंतर मी तिला पाहिलेलं नाही.

सिंधू जगली. पाय अधू राहिले, विसरते फार, पण दोन्ही पोरांच्या भाकरी तीच थापते.